थाळी आणि कार्ड : पेण-रोह्यातील दुपारच्या बाहेरच्या जेवणाचा आढावा

पेण आणि रोहा या रायगड जिल्ह्यातील तालुक्याच्या दोन गावांत दुपारी बाहेर जेवणारा माणूस बहुधा हौसेने घराबाहेर पडलेला नसतो. तो तहसील कचेरीत फेरफाराच्या कामाला आलेला असतो, न्यायालयात तारखेला आलेला असतो, धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामावर असतो, हमरापूर किंवा जोहे येथे गणपतीची मूर्ती ठरवून परत निघालेला असतो, नाहीतर गोव्याच्या रस्त्यावर पेणच्या अलीकडे-पलीकडे त्याला भूक लागलेली असते. रात्रीच्या जेवणाला निवड, सोबत आणि सवड या तिन्ही गोष्टी असतात. दुपारी त्यांतली एखादीच वाट्याला येते. त्यामुळे एखाद्या गावातील उपाहारगृहे कशी आहेत याची पारख दुपारी बारा ते तीन या वेळात जितकी होते तितकी रात्रीच्या रोषणाईत होत नाही, आणि मुंबई-पुण्यातील ज्या भोजनगृहांची नावे आजही आदराने घेतली जातात त्यांतील बरीचशी दुपारच्या जेवणावरच उभी राहिलेली आहेत. ती कशी उभी राहिली, पेण-रोह्यात तसे नाव कमावणारे जेवण का रुजले नाही आणि येथील घराघरांतले उत्तम पदार्थ हॉटेलच्या ताटात का उतरत नाहीत, हे तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्याने त्यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

या भागात विकतचे जेवण ही तशी अलीकडची गोष्ट आहे. १ जानेवारी १९८१ रोजी रायगड हे नाव मिळण्यापूर्वी हा जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई आणि भात, मीठ व मासळी ही त्याची मुख्य संपत्ती होती. पेणचा माल भोगावती नदीवरील अंतोरे बंदरातून मुंबईला जाई. मुंबईहून येणारा उतारू आगबोटीने धरमतरला किंवा नागोठण्याला उतरून पुढे बैलगाडीने अथवा टांग्याने प्रवास करी. असा प्रवासी शिधा बरोबर बाळगी, म्हणजे तांदूळ, डाळ, तिखट-मीठ अशी न शिजवलेली सामग्री, आणि धर्मशाळेत किंवा ओळखीच्या घरी चूल मांडून स्वतः रांधी. कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या पंक्तीला बसावे याचे निर्बंध इतके कडक होते की सर्वांसाठी उघडे असलेले जेवणघर ही कल्पनाच परकी होती. ज्या जिल्ह्यात २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्या जिल्ह्यात एका बाकावर शेजारी बसून जेवणे ही साधी बाब नव्हती. भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नावानिशी उल्लेख करून तेथील प्रवेशाबाबतचा भेदभाव निषिद्ध ठरवला आहे. संविधानात हॉटेलचा उल्लेख का करावा लागला असे वाटणाऱ्या आजच्या वाचकाने हा इतिहास ध्यानात घ्यावा. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली आणि पुढील काही दशकांत एस.टी. गावोगाव पोहोचली. स्थानकातील कँटीन हे या भागातील अनेक कुटुंबांना भेटलेले पहिले ‘हॉटेल’, आणि तेथे कोण कोणाच्या शेजारी बसतो हे विचारायला कोणाला वेळ नसे.

शहरांत मात्र विकतच्या जेवणाची गरज त्याआधीच निर्माण झाली होती, कारण तेथे एकट्या पुरुषांची वस्ती होती. खानावळ म्हणजे ठरावीक वेळी, ठरावीक पदार्थांचे, बहुधा महिन्याच्या बोलीवर जेवण देणारे घर किंवा घरासारखीच चालणारी जागा. गिऱ्हाईक तेथे पदार्थ निवडत नाही, जे शिजले असेल ते जेवते. बोर्डिंग हा तिचाच थोडा मोठा, विद्यार्थी आणि नोकरदार यांच्यासाठीचा प्रकार. लंच होम हे नाव मुंबईत रूढ झाले ते प्रामुख्याने दक्षिणेकडून आणि किनारपट्टीवरून आलेल्या लोकांच्या भातप्रधान जेवणघरांसाठी, आणि राइस प्लेट म्हणजे या सर्वांचा घाईच्या गिऱ्हाइकासाठी केलेला संक्षेप : दोन-चार पोळ्या, भाजी, आमटी, भात, लोणचे, पापड, एका दरात. पुण्याच्या टिळक रस्त्यावरील बादशाही बोर्डिंग १९३२ पासून, लक्ष्मी रस्त्यावरील पूना गेस्ट हाऊस १९३५ पासून आणि माटुंगा स्थानकाजवळील रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून याच तत्त्वावर नावारूपाला आले. पूना गेस्ट हाऊसची स्थापना मूकपटांच्या काळातील चित्रपटकर्ते नानासाहेब सरपोतदार यांनी केली, हा मराठी चित्रसृष्टी आणि मराठी जेवण यांच्या नात्यातील एक चविष्ट तपशील म्हणता येईल. बॅलार्ड इस्टेटमधील १९२३ सालचे ब्रिटानिया हे पारशी-इराणी उपाहारगृह तर दीर्घकाळ केवळ दुपारीच उघडे राहत आले. भोवतालची कचेरी-वस्ती संध्याकाळी ओस पडते, मग रात्री चूल पेटवायची कोणासाठी, हा त्यामागचा सरळ हिशेब. गिरगावच्या खोताच्या वाडीतील अनंताश्रम आता बंद झाले आहे, परंतु तेथील माशांच्या जेवणाइतकीच तेथील वाढप्यांच्या तुटक बोलण्याचीही आठवण जुने मुंबईकर आजही काढतात.

या सगळ्या ठिकाणांत चवीपेक्षाही एक समान सूत्र आहे आणि प्रस्तुत विषयासाठी ते महत्त्वाचे आहे. पदार्थ थोडे, वेळ बांधलेली, आणि संपले की संपले. आचाऱ्याला सकाळीच ठाऊक असते की आज किती पाने उठायची आहेत. त्यामुळे बाजारहाट नेमका होतो, उरलेले दुसऱ्या दिवसावर ढकलावे लागत नाही आणि एकच आमटी वर्षानुवर्षे केल्याने ती चुकत नाही. गिरणगावातील खानावळी तर याहून काटकसरीच्या. तेथे गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या बायका स्वतःच्या खोलीतच रांधत, पाळीप्रमाणे डबे भरत आणि पगाराच्या दिवशी पैसे मिळेपर्यंत वाण्याकडून किंवा सावकाराकडून उधारीवर सामान आणत. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी याच खानावळवाल्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि त्यांना बँकेच्या कर्जाची वाट मोकळी करून दिली. मुंबईच्या दुपारच्या जेवणाचा इतिहास लिहिताना नामवंत हॉटेलांच्या पाट्यांवर जितकी शाई खर्च होते त्याच्या निम्मीही या बायकांच्या वाट्याला येत नाही. कोकणातून गेलेल्या कामगारांपैकी कित्येकांची गावाकडची चव त्यांच्याच हातांनी टिकवून धरली होती.

आता पेण आणि रोह्याकडे वळता येईल. येथे दुपारचे गिऱ्हाईक तीन वाटांनी येते आणि प्रत्येक वाटेने वेगळ्या प्रकारचे जेवण घडवले आहे. पहिली वाट बाजाराची आणि कचेऱ्यांची. खारेपाटातून, म्हणजे खाडीलगतच्या बांध घालून राखलेल्या भातशेतीच्या पट्ट्यातून, आणि डोंगरालगतच्या ठाकूर-कातकरी वाड्यांतून तालुक्याला आलेला माणूस पोटभर जेवण विकत घेण्यापेक्षा वडापाव किंवा मिसळ खाऊन वेळ मारून नेतो आणि घरी जाऊन जेवतो. थाळी परवडत नाही हे त्याचे एक कारण आहे. दुसरे असे की दुपारची शेवटची सोयीची एस.टी. चुकवून जेवत बसणे त्याला शक्य नसते. या वाटेवरची हॉटेले म्हणूनच नाश्त्याची झाली, जेवणाची झाली नाहीत. पेणला गणेशोत्सवापूर्वीचे दोन-तीन महिने याला अपवाद असतात. हमरापूर, जोहे आणि शहरातील मूर्तिशाळांत मुंबई-ठाण्याहून व्यापारी व मंडळांचे कार्यकर्ते येऊ लागले की टेबले रिकामी राहत नाहीत. मूर्तिशाळेतले कारागीर मात्र घरचाच डबा उघडतात.

दुसरी वाट कारखान्यांची. रोह्याजवळच्या धाटाव येथील रासायनिक कारखान्यांची वसाहत, नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प आणि पेण तालुक्यातील डोलवीचा पोलाद कारखाना यांमुळे हजारो लोक या पट्ट्यात दुपारी घराबाहेर असतात, तरीही त्यांच्या जेवणाने एकही नामांकित भोजनगृह उभे केले नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४६ व्या कलमानुसार अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृह ठेवण्याची सक्ती करता येई, आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा कंत्राटी कामगार धरून शंभरावर आणलेली आहे. म्हणजे मोठ्या कारखान्यातील कायम कामगार फाटकाच्या आतच, सवलतीच्या दरात जेवतो. बाहेर राहतो तो लहान कारखान्यातला आणि कंत्राटदाराकडचा माणूस, जो आता पुष्कळदा उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड किंवा ओडिशातून आलेला असतो. त्याच्यासाठी ‘मेस’ चालते : भाड्याच्या खोलीतील स्वयंपाक, महिन्याचे खाते, डाळ-भात, बटाट्याची भाजी, गव्हाच्या रोट्या. चवीच्या दृष्टीने तिच्यात सांगण्यासारखे थोडे आहे. परंतु संख्येने पाहिले तर रोहा परिसरातील दुपारच्या विकतच्या जेवणाचा मोठा हिस्सा तीच वाढते, आणि गिरणगावची खानावळ ज्या गरजेतून जन्मली तीच गरज येथे दुसऱ्या भाषेत बोलते आहे.

तिसरी आणि सर्वांत प्रभावी वाट महामार्गाची. मुंबई-गोवा महामार्ग पळस्प्यापासून निघून पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड असा दक्षिणेकडे जातो. वडखळला अलिबागचा रस्ता फुटतो आणि कोलाडहून रोह्याकडे वळता येते. पळस्पे फाट्यावरील दत्त स्नॅक्स किंवा पनवेल-पेण पट्ट्यातील क्षणभर विश्रांती ही नावे कोकणात जाणाऱ्या मराठी कुटुंबांच्या तोंडी बसलेली आहेत. तथापि त्यांची कीर्ती मुख्यतः नाश्त्याची, वड्याची, पियूषाची आणि स्वच्छ प्रसाधनगृहाची आहे. बसून, वाट पाहून जेवावे असे ठिकाण प्रवासी क्वचितच शोधतो. त्याला लवकर मिळणारे, मुलांना चालणारे आणि पोट न बिघडवणारे जेवण हवे असते. या मागणीने महामार्गावरची भोजनगृहे सर्वत्र एकसारखी केली. ‘शुद्ध शाकाहारी’ किंवा ‘व्हेज-नॉनव्हेज’ अशी मोठी पाटी, गाड्या लावायला पटांगण आणि आत दीडशे-दोनशे पदार्थांचे कार्ड, ज्यात पनीरच्या डझनभर भाज्या, चायनीज, तंदूर आणि कुठेतरी तळाशी एक ओळ ‘मच्छी थाळी’. २०११ मध्ये पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण सुरू झाले आणि ते इतके रखडले की मधल्या काळात कित्येक टपऱ्या, धाबे आणि हॉटेले हटली, मागे सरकली किंवा नव्या रस्त्याच्या भलत्याच बाजूला पडली. वडखळ नाक्यावरची वाहतूककोंडी प्रवाशाला शिव्या द्यायला लावणारी होती, पण तीच कोंडी नाक्यावरच्या विक्रेत्यांची भाकरी होती. बाह्यवळण रस्ता झाल्यावर गाड्या वरून निघून जाऊ लागल्या आणि खाली थांबणाराच कमी झाला. रस्त्यावर जगणारे जेवण रस्त्याने वळण घेतले की मरते. शहरातल्या बोर्डिंगचे गिऱ्हाईक चालत येते, त्यामुळे त्याला हा धोका नसतो.

कार्ड आणि थाळी यांतील फरक येथे नीट समजून घेतला पाहिजे, कारण या आढाव्याचा मुख्य मुद्दा तोच आहे. दीडशे पदार्थ कोणत्याही लहान गावाच्या स्वयंपाकघरात रोज ताजे होऊ शकत नाहीत. ते शक्य व्हावेत म्हणून कांदा-टोमॅटोची लाल, काजू-मगजाची पांढरी आणि पालकाची हिरवी अशा दोन-तीन ‘ग्रेव्ह्या’ सकाळीच मोठ्या पातेल्यांत शिजवून ठेवल्या जातात, फ्रीजमध्ये पनीर, उकडलेले वाटाणे, अर्धवट शिजवलेली कोंबडी असते, आणि मागणी येताच दोन्हींची सांगड घालून वर मलई किंवा कोथिंबीर पडते. नावे वेगवेगळी, चव जवळजवळ एकच. याउलट थाळी लावणाऱ्या ठिकाणी आचारी सात-आठ पदार्थच करतो, पण ते त्या दिवसाच्या बाजारावर ठरतात. पेणच्या बाजारपेठेतील किंवा रोह्याच्या स्थानक रस्त्याच्या आसपासच्या एखाद्या साध्या खानावळीत गल्ल्याजवळच्या फळ्यावर खडूने ‘सुरमई, पापलेट, बोंबील, कोलंबी’ असे लिहिलेले असते आणि एक वाजून गेल्यावर त्यातले एक-एक नाव पुसले जाते. ताटात तळलेली तुकडी, वाटीभर कालवण, एखादे सुके, तांदळाची भाकरी किंवा चपाती, भात आणि सोलकढी, म्हणजे आमसुलाच्या पाण्यात नारळाचे दूध मिसळून केलेले पाचक, येते. पुसलेला फळा हे येथील ताजेपणाचे सर्वांत विश्वसनीय प्रमाणपत्र होय. रात्री नऊ वाजताही ज्याच्या कार्डावर सर्व मासे ‘उपलब्ध’ आहेत त्याच्याकडे ते बर्फातले आहेत असे खुशाल समजावे.

मासळीच्या ताटाचे स्वतःचे एक पंचांग असते. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या समुद्रातील मासेमारीला बंदी असते, त्यामुळे पावसाळ्यात खानावळींना खाडीची मासळी, चिंबोऱ्या, गोड्या पाण्यातले मासे आणि सोडे, जवळा, सुके बोंबील यांवर भागवावे लागते. पाठोपाठ श्रावण येतो आणि मागणीच ओसरते. आठवड्याचेही तसेच : सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी आणि एकादशी या दिवशी मांसाहार न करणारे लोक इतके आहेत की खानावळवाला बुधवार, शुक्रवार आणि रविवार धरूनच मासळी भरतो. परगावच्या माणसाने मंगळवारी अंगारकी असताना रोह्यात उत्तम मच्छी थाळीची अपेक्षा करणे म्हणजे बाजार न पाहता पिशवी घेऊन निघणे होय.

तरीही एक कोडे उरते. पेण-रोहा हा भाग घरगुती पदार्थांच्या बाबतीत दरिद्री मुळीच नाही. उलट रायगडच्या पाककलेतील काही उत्तम गोष्टी याच पट्ट्यातल्या आहेत. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंची येथे जुनी घरे आहेत आणि त्यांच्या स्वयंपाकातील वालाचे बिरडे, सोड्याची खिचडी व कानवले यांची ख्याती मुंबई-पुण्यापर्यंत गेलेली आहे. आगरी आणि कोळी घरांतली कालवणे, निवट्या, खाडीची कोलंबी, तांदळाच्या भाकऱ्या. थंडीत शेतावर मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात लावली जाणारी वालाच्या शेंगांची, अंड्यांची व कोंबडीची पोपटी. पेणचे पातळ पोहे, पोह्याचे पापड आणि मिरगुंडे. शेजारच्या अलिबागचा भौगोलिक मानांकन मिळालेला पांढरा कांदा, जो वडखळच्या आसपास माळा करून टांगलेला दिसतो : ही यादी आणखी लांबवता येईल. यांतले दुपारच्या हॉटेलच्या ताटात किती येते? कांदा येतो, पापड येतो, बाकी फारसे काही येत नाही. याचा दोष हॉटेलवाल्यांच्या अरसिकपणाला देण्याची पद्धत आहे, पण ती वरवरची आहे.

बिरड्याचेच पाहावे. कडवे वाल आदल्या रात्री भिजत घालायचे, सकाळी उपसून फडक्यात बांधून ठेवायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे आणि मग एकेक दाणा बोटांत धरून साल काढायची. सोललेल्या या दाण्यांना डाळिंब्या म्हणतात. चार माणसांच्या बिरड्याला घरातल्या दोघीजणी गप्पा मारीत बसतात आणि काम उरकते. पन्नास पानांच्या बिरड्याला मजुरीने माणसे बसवावी लागतात, त्यांची मजुरी वालाच्या किमतीहून जास्त होते, आणि साल न काढता उसळ केली तर जाणकार गिऱ्हाईक नाक मुरडते. शिवाय डाळिंब्या शिजताना मोडता कामा नयेत, ज्यासाठी आच सांभाळणारा हात लागतो. म्हणून थाळीत बिरड्याच्या जागी मटकी किंवा वाटाणा येतो. मटकीला मोड आपोआप येतात आणि तिला कोणी सोलत नाही.

जिताड्याची अडचण वेगळी आहे. खाऱ्या आणि गोड्या अशा दोन्ही पाण्यांत वाढणारा हा मासा खारेपाटाचे भूषण समजला जातो. पूर्वी भरतीच्या पाण्याबरोबर उघाडीतून, म्हणजे बांधातील पाणी आत-बाहेर सोडण्याच्या झडपेतून, आत आलेली त्याची पिल्ले घराजवळच्या तळ्यात सोडून शेतकरी ती वर्ष-दोन वर्षे वाढवीत. पाहुणा आला, लग्न ठरले किंवा साहेबाला खूश करायचे झाले की तळ्यात जाळे पडे. सरकारी काम अडले तर जिताडा पाठवावा, हा विनोद या पट्ट्यात पुष्कळ जुना आहे आणि तो सर्वस्वी विनोद नव्हता. असा मासा बाजारात आला की ओळखीच्या गिऱ्हाइकांकडे परस्पर जातो, त्याचा भाव ठरलेल्या दराच्या थाळीत बसत नाही, आणि मोठ्या माशाच्या तुकड्या डोके, मधला भाग व शेपूट अशा असमान असल्याने दोन गिऱ्हाइकांना सारखे वाढता येत नाही. त्यामुळे जिताडा हॉटेलात मिळतो तेव्हा वेगळ्या दराने, सांगून ठेवल्यावरच मिळतो. पोपटी तर रात्रीचा, मोकळ्या शेतातला आणि जाळाचा पदार्थ. तिला दुपारी टेबलावर आणणारे पर्यटकांसाठी तिचे नाव तेवढे विकतात. तांदळाच्या भाकरीचेही दुखणे आहेच, कारण उकड काढून हातावर थापलेली भाकरी तव्यावरून ताटात आली तरच खावी आणि दुपारच्या गर्दीत सलग तीन तास भाकऱ्या थापणारी बाई मिळणे व टिकणे कठीण असते. जिथे ती टिकली आहे तिथे खानावळ टिकली आहे, असे या व्यवसायातील लोक सांगतात, आणि त्यात तथ्य आहे.

या कोंडीतून निघालेली एक वाट कोलाड परिसरात स्पष्ट दिसते. भिरा येथील जलविद्युत केंद्रातून सकाळी सोडलेल्या पाण्यावर कुंडलिका नदीत राफ्टिंग चालते, आणि पाणी सकाळचे असल्याने नावेतून उतरलेले पर्यटक दुपारी भुकेने व्याकूळ होऊन काठावर येतात. त्यांची संख्या आदल्या दिवशीच्या नोंदणीवरून ठाऊक असते. साहजिकच तेथील शिबिरांत आणि आसपासच्या ‘घरगुती जेवण’ अशी पाटी लावलेल्या घरांत मोजून रांधता येते. रोहा-मुरूड रस्त्यावर आणि अलिबागकडे हीच पद्धत फोनवर चालते : सकाळी नऊ-दहाच्या आत माणसे व मासे सांगायचे, बाजारातून मासळी आल्यावर भाव कळतो, एक वाजता पान तयार. ही नव्या काळातील खानावळच होय. तिच्यात कार्ड नाही, उरलेले नाही, आणि पाल्याच्या भाजीपासून बिरड्यापर्यंत काहीही सांगता येते, कारण सोलायला वेळ मिळालेला असतो. तिचा तोटा असा की वाटेत अचानक थांबणाऱ्याला ती उपयोगी नाही, आणि गावातल्या गरीब गिऱ्हाइकाला तर मुळीच नाही.

गरीब गिऱ्हाइकाच्या दुपारची सोय शासनाने दोनदा करून पाहिली. १९९५ नंतर एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे राज्यभर निघाली आणि त्यांतील अनेकांचे पुढे काय झाले हे बसस्थानकांजवळच्या टपऱ्या पाहिल्या की कळते. जागा राहिल्या, झुणका गेला. २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन थाळी सुरू झाली : दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण आणि एक मूद भात, दहा रुपयांत, दुपारी बारा ते दोन या वेळात. शहरी भागात एका थाळीची किंमत पन्नास रुपये व ग्रामीण भागात पस्तीस रुपये धरून उरलेली रक्कम शासनाने केंद्रचालकाला द्यावयाची, अशी योजनेची रचना. टाळेबंदीत थाळीचा दर पाच रुपयांवर आणला गेला आणि २०२१ मध्ये काही काळ ती मोफतही दिली गेली. रचनेकडे पाहता शिवभोजन ही नेमकी जुन्या खानावळीची प्रतिकृती आहे : थोडे पदार्थ, बांधलेली वेळ, मोजकी पाने. तिचे दुबळेपण स्वयंपाकात नाही. अनुदान वेळेवर हाती न पडल्यास वाण्याची उधारी चढते आणि केंद्रचालक मेटाकुटीला येतो, हे गिरणगावातल्या खानावळवालीचेच जुने दुखणे आहे.

कराचा आणि इंधनाचा परिणाम थोडक्यात नोंदवणे पुरे. १५ नोव्हेंबर २०१७ पासून बहुतेक उपाहारगृहांना पाच टक्के वस्तू व सेवा कर लागू आहे, मात्र खरेदीवर भरलेल्या कराची वजावट त्यांना मिळत नाही. वीस लाखांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेली लहान खानावळ सामान्यतः या जाळ्याबाहेर राहते. त्यापूर्वीच्या काही महिन्यांत वातानुकूलित हॉटेलला अठरा टक्के कर होता, आणि ‘ए.सी.’ विभागाचे दर वेगळे ठेवण्याची जी सवय तेव्हा पक्की झाली ती कर उतरल्यावरही गेली नाही. खानावळीला खरा चटका बसतो तो एकोणीस किलोच्या व्यावसायिक सिलिंडरच्या दरवाढीचा, कारण थाळीचा दर दर महिन्याला वाढवता येत नाही.

पुढील दहा वर्षांत चित्र बदलणार हे उघड आहे. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूने शिवडीहून चिर्ल्याला काही मिनिटांत येता येऊ लागले, आणि उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावांत नवे शहर वसवण्याची घोषणा झालेली आहे. पेणला मुंबईचे उपनगर होण्याची वेळ आली की मुंबईतल्या साखळी-उपाहारगृहांच्या शाखा येतील, त्यांबरोबर तेच कार्ड आणि तीच लाल, पांढरी व हिरवी ग्रेव्ही येईल. भाताची खाचरे आणि तळी भरावाखाली गेली तर जिताडा सांगूनही मिळणार नाही. म्हणून येथील जेवणाचा प्रश्न अखेरीस जमिनीच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही.

हॉटेलवाल्यांकडून मोठ्या अपेक्षा ठेवण्याची गरज नाही. पेण-रोह्यातील प्रत्येक भोजनगृहाने रोज केवळ दुपारी, मोजक्या पानांपुरती, एक स्थानिक थाळी लावली, आठवड्यातून एक दिवस बिरड्याचा ठेवला, ते सोलण्याचे काम गावातील बचतगटाला ठरलेल्या दराने दिले आणि थाळी संपल्यावर फळा पुसून टाकला, तर कार्डावरील पन्नास नावे खोडूनही धंदा बुडणार नाही. रामा नायक आणि बादशाही यांनी याहून वेगळे काही केलेले नाही. जेवणाऱ्याच्या बाजूने करण्याजोगी गोष्ट त्याहून सोपी आहे. रोह्याला किंवा पेणला दुपारी जेवायचे असेल तर सकाळी दहाच्या आत फोन करावा, आज काय आले आहे ते विचारावे, एक वाजण्यापूर्वी पोहोचावे आणि कार्ड मागू नये.